शरीराबाहेर लिव्हर चालवायचं तर आधी पेशी जगल्या पाहिजेत

आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांकडून बेळगावात एक प्रश्न हमखास येतो. माणसं खानापूरकडची असोत, निपाणीची असोत नाहीतर शिनोळी ओलांडून चंदगडहून आलेली असोत, शब्द थोड्याफार फरकाने तेच: "किडनी गेली तर डायलिसिस करतात, मग लिव्हरला तसलं मशीन नाही काय?"

प्रश्नात चूक काहीच नाही. असं मशीन बनवायचा प्रयत्न 1990 च्या दशकापासून गंभीरपणे चालू आहे. रक्त शरीराबाहेर काढायचं, जिवंत यकृतपेशींच्या शेजारून न्यायचं आणि परत द्यायचं, अशी ती कल्पना. अशी यंत्रं माणसांवर वापरून झाली, मोठ्या चाचण्याही झाल्या. तरी अमेरिकेत किंवा युरोपात जिवंत यकृतपेशींच्या एकाही यंत्राला नेहमीच्या वापराची मान्यता मिळालेली नाही. का मिळाली नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारणं बहुतेक सगळी पेशी जगवण्याच्या हिशेबात सापडतात.

डायलायझर हातात घेऊन बघितला असेल तर आत केसासारख्या पोकळ नळ्यांचा जुडगा दिसतो. एका डायलायझरमध्ये अशा दहा हजारांच्या आसपास नळ्या, प्रत्येकीचं आतलं तोंड साधारण 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), भिंत 40 मायक्रॉनच्या आसपास. आतून रक्त, बाहेरून डायलिसिसचं पाणी. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम हे बारीक रेणू भिंतीतून पलीकडे जातात. ही चाळण आहे. चाळणीला भूक लागत नाही, ती महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिली तरी बिघडत नाही.

लिव्हरचं काम चाळणीने होत नाही. अमोनियाचा युरिया करणं, रक्त गोठवणारी प्रथिनं तयार करणं, औषधं आणि विषं मोडणं, साखर साठवणं आणि सोडणं ही कामं पेशीच्या आत होतात. बिलिरुबिन आणि पित्तक्षार तर अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटून फिरतात, साध्या डायलिसिसच्या पाण्यात ते उतरतच नाहीत. अल्ब्युमिन किंवा कोळसा वापरून ही घाण ओढून घेणारी निर्जीव यंत्रं आहेत, पण ती रक्त धुतात, नवीन काही तयार करत नाहीत. म्हणून पेशी हव्यात.

किती हव्यात? मोठ्या माणसाचं लिव्हर दीड किलोच्या आसपास. एका ग्रॅममध्ये साधारण 12 कोटी यकृतपेशी. माणूस तगायला किमान 10 ते 15 टक्के चालू लिव्हर लागतं असा सर्वसाधारण अंदाज धरतात, म्हणजे 150 ते 225 ग्रॅम, म्हणजेच 1,800 ते 2,700 कोटी पेशी. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढची प्रत्येक अडचण याच आकड्यापाशी येऊन थांबते.

आता सर्किट. गळ्यातल्या किंवा जांघेतल्या शिरेत दोन पोकळ्यांचा कॅथेटर घालतात, डायलिसिसला घालतात तसाच. पंप मिनिटाला 150 ते 200 मिली रक्त ओढतो. ते आधी प्लाझ्मा सेपरेटरमधून जातं. हाही नळ्यांचा जुडगाच, पण याची छिद्रं डायलायझरपेक्षा कितीतरी मोठी, मायक्रॉनच्या पाव-अर्ध्या भागाएवढी. रक्तपेशी आत राहतात, पिवळा प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वगळून उरलेला द्रव, बाहेर येतो, मिनिटाला 30 ते 50 मिली. प्लाझ्मा वेगळ्या फेरीत जातो. तिथे दुसरा पंप, एक साठवण पिशवी, काही यंत्रांत कोळशाचा कॉलम, मग ऑक्सिजनेटर, हीटर, आणि त्यानंतर पेशी भरलेलं कार्ट्रिज. कार्ट्रिजमधून बाहेर पडताना अगदी बारीक छिद्रांची गाळणी, कारण सुटलेली एकही पेशी पेशंटच्या अंगात जाता कामा नये. मग प्लाझ्मा आणि रक्तपेशी एकत्र करून परत शिरेत.

पहिला बिघाड बहुतेक वेळा सेपरेटरवरच होतो. रक्ताच्या प्रवाहाच्या 20-25 टक्क्यांपेक्षा जास्त प्लाझ्मा ओढायला गेलं की उरलेलं रक्त नळ्यांत दाट होतं, पडद्यावरचा दाब चढतो आणि लाल पेशी छिद्रांच्या तोंडाशी दाबल्या जाऊन फुटतात. हे मॉनिटरवर दिसायच्या आधी डोळ्यांना दिसतं: पिवळ्या प्लाझ्माच्या नळीत गुलाबी झाक येते. झाक आली की प्लाझ्माचा पंप लगेच कमी करायचा, रक्ताच्या ओढीच्या बाजूला कॅथेटर भिंतीला चिकटला आहे का ते बघायचं. गुलाबी प्लाझ्मा तसाच पुढे ढकलला तर सुटं हिमोग्लोबिन कार्ट्रिजमध्ये जातं आणि पेशंटच्या किडनीवरही ताण येतो. लिव्हर गेलेल्या पेशंटची किडनी आधीच डळमळीत असते.

या सगळ्या विषयातला सर्वात अवघड भाग ऑक्सिजनचा आहे. त्याचा हिशेब इथे मांडतो, कारण आकडे बघितल्याशिवाय ते पटत नाही.

लिव्हरची पेशी शरीरातल्या सगळ्यात खादाड पेशींपैकी एक. दर 10 लाख पेशी सेकंदाला साधारण 0.4 नॅनोमोल ऑक्सिजन घेतात (मोल हे रेणू मोजायचं एकक, 1,000 नॅनोमोल म्हणजे 1 मायक्रोमोल). कार्ट्रिजमध्ये 700 कोटी पेशी असतील तर मिनिटाला जवळपास 170 मायक्रोमोल ऑक्सिजन लागला. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे 100 मिलीमध्ये 20 मिली ऑक्सिजन मावतो. प्लाझ्मामध्ये हिमोग्लोबिन नाही. साध्या हवेशी समतोल झालेल्या प्लाझ्मात लिटरला 200 मायक्रोमोलच्या आसपासच ऑक्सिजन विरघळतो. फेरीचा पंप मिनिटाला 400 मिलीवर ठेवला तर पेशींच्या दारात 80 मायक्रोमोल पोचला. गरजेच्या निम्मासुद्धा नाही. म्हणून ऑक्सिजनेटरला शुद्ध ऑक्सिजन जोडून ती पातळी तिप्पट-चौपट करावी लागते. पण तसं केलं की कार्ट्रिजच्या तोंडाशी असलेल्या पेशींना ऑक्सिजन नको इतका मिळतो, त्यांचं नुकसान होतं, आणि शेवटच्या टोकाच्या पेशी तरीही अर्धपोटी राहतात. प्रवाह वाढवावा तर पेशींवर घासणारा जोर वाढतो आणि त्या सुटतात. शरीरातलं लिव्हर हा प्रश्न अशा रीतीने सोडवतं की प्रत्येक पेशी एखाद्या बारीक रक्तवाहिनीला अक्षरशः टेकलेली असते. यंत्रात ते जमत नाही. ऑक्सिजन पेशींच्या गर्दीतून 150-200 मायक्रॉनच्या पुढे नीट पोचत नाही.

याचा पुरावा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सहज दिसतो. यकृतपेशी हलत्या द्रावणात ठेवल्या की एकमेकींना धरून गोळे बनवतात. 100 मायक्रॉनच्या आसपासचा गोळा कडेपासून मध्यापर्यंत सारखा दिसतो, कडा गुळगुळीत. तोच गोळा दोन-चार गोळे चिकटून 250-300 मायक्रॉनचा झाला की मधोमध काळपट डाग पडतो. त्या मधल्या पेशी गुदमरून मेलेल्या असतात. बाहेरून गोळा मोठा दिसतो, मोजणीत पेशी भरपूर भरतात, पण काम करणारी नुसती साल उरलेली असते. त्यामुळे एखाद्या यंत्रात अमुक इतके ग्रॅम पेशी आहेत असं वाचलं की पुढचा प्रश्न विचारावा: त्यातल्या किती श्वास घेताहेत? कार्ट्रिजमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या प्लाझ्मातल्या ऑक्सिजनचा फरक हा त्याचा सगळ्यात प्रामाणिक मोजमाप आहे. फरक तासागणिक घटत चालला तर पेशी मरताहेत, मग अलार्म वाजो की न वाजो. लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की साठणारा पदार्थ) चढणं आणि फेरीतल्या प्लाझ्मात एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) वाढणं ही पुढची लक्षणं.

पेशी आणि प्लाझ्मा यांच्यामधल्या पडद्याचाही असाच तिढा आहे. छिद्रं लहान ठेवली तर पेशंटच्या अँटिबॉडी पेशींपर्यंत पोचत नाहीत. डुकराच्या पेशी असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण माणसाच्या रक्तात डुकराच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीपासूनच असतात आणि कॉम्प्लिमेंट प्रथिनं सोबत आली की त्या पेशी फुटतात. आयजीजी अँटिबॉडीचं वजन 150 किलोडाल्टन, अल्ब्युमिनचं 66. जे विष पेशींना द्यायचं ते अल्ब्युमिनला चिकटलेलं, म्हणजे अल्ब्युमिन तर पलीकडे जायलाच हवं. पडदा अल्ब्युमिनला सोडेल आणि आयजीजीला अडवेल इतका नेमका कापणं जमतं, पण तास उलटतील तशी प्रथिनं पडद्यावर बसत जातात आणि पहिल्या तासात सहज जाणारं अल्ब्युमिनही पुढे अडखळायला लागतं. शिवाय लिव्हरमध्ये पित्त वाहून न्यायला नलिका असतात. कार्ट्रिजमधल्या पेशींनी टाकलेलं पित्त त्याच फेरीत पुन्हा फिरत राहतं.

रक्त गोठू नये म्हणून काय द्यायचं, हाही साधा निर्णय नाही. लिव्हर निकामी झालेल्या माणसाचा आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा आकडा) चढलेला, प्लेटलेट कमी, तरीही सर्किटमध्ये गुठळ्या होतात. आयएनआर 4 आहे म्हणजे रक्त आपोआप पातळ राहील असं धरून बिनऔषधाचं सर्किट चालवायला जाणं ही नेहमीची चूक. हेपारिन दिलं तर रक्तस्रावाची भीती. सायट्रेट (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं द्रव्य) दिलं तर ते मोडायचं काम मुख्यतः लिव्हरचंच, आणि तेच तर बंद आहे. सायट्रेट साठलं आहे का हे ओळखायला एकूण कॅल्शियम भागिले आयोनाइज्ड, म्हणजे न बांधलेलं मोकळं, कॅल्शियम हे गुणोत्तर बघतात, दोन्ही एकाच एककात धरून. ते 2.5 च्या वर गेलं की सायट्रेट कमी करा किंवा थांबवा. जिवंत पेशींच्या यंत्रात आणखी एक पेच: पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांना कॅल्शियम लागतं. सायट्रेटने कॅल्शियम बांधलेला प्लाझ्मा कार्ट्रिजवरून तासन्‌तास फिरवला तर पेशी सुटायला लागतील, म्हणून कार्ट्रिजच्या आधीच कॅल्शियम परत भरावं लागतं.

आता पेशी आणायच्या कुठून? तीन वाटा वापरून झाल्या.

डुकराच्या पेशी हेपाटअसिस्ट नावाच्या यंत्रात होत्या. गोठवून ठेवलेल्या 700 कोटी पेशी, कोलॅजेन लावलेल्या बारीक मण्यांवर चिकटवलेल्या, आधी कोळशाचा कॉलम, एका वेळी 6 तास. 171 पेशंटांच्या चाचणीचा निकाल 2004 मध्ये आला. तीस दिवसांनी जगलेले: यंत्र लावलेल्यांत 71 टक्के, न लावलेल्यांत 62 टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. डुकराच्या विषाणूंची जी भीती होती, तसा संसर्ग मात्र त्यात कुणाला आढळला नाही. वरचा हिशेब आठवून बघा: 700 कोटी म्हणजे 60 ग्रॅमच्या आसपास लिव्हर. गरज 150 ग्रॅमच्या वर. तेही दिवसातून 6 तासच. या चाचणीतून कल्पना खोटी ठरली असं म्हणता येत नाही, मात्रा कमी पडली असं मात्र म्हणता येतं.

दुसरी वाट म्हणजे माणसाच्याच, पण कॅन्सरच्या गाठीतून आलेल्या, कितीही वाढवता येणाऱ्या सी3ए पेशी. एलॅड नावाच्या यंत्रात अशा पेशींची 4 कार्ट्रिज मिळून 440 ग्रॅमच्या आसपास पेशी असत आणि यंत्र सलग 3 ते 5 दिवस चालायचं. मात्रेचा प्रश्न इथे मिटला. पण या पेशींत युरियाचं चक्र पूर्ण चालत नाही, त्यासाठी लागणारी एन्झाइमंच त्यांच्यात कमी पडतात. मेंदूवर परिणाम करणारा अमोनिया काढायचं लिव्हरचं मुख्य काम अशा पेशींकडून होणार कसं? दारूमुळे लिव्हर ढासळलेल्या 203 पेशंटांवरच्या चाचणीत एकूण जगण्यात फरक पडला नाही. त्याच आकड्यांत मागाहून शोधल्यावर तरुण आणि जरा कमी आजारी पेशंटांना फायदा झाल्यासारखा दिसला. मग खास तसेच पेशंट घेऊन नवी चाचणी झाली, आणि 2018 मध्ये तिचाही निकाल नकारार्थी आला. निकाल लागल्यावर आकड्यांतून वेचून काढलेला गट किती फसवा असतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण.

तिसरी वाट माणसाच्या अस्सल यकृतपेशींची. प्रत्यारोपणाला न चालणाऱ्या लिव्हरमधून त्या काढतात. गुणाने उत्तम, पण पुरवठा तुटपुंजा, आणि सपाट बशीत ठेवल्या तर एक-दोन दिवसांतच औषधं मोडणारी एन्झाइमं झपाट्याने घटतात. एकमेकींना धरून बनलेल्या, वर सांगितलेल्या गोळ्यांच्या रूपात त्या जास्त टिकतात, म्हणूनच मेयो क्लिनिकसारख्या ठिकाणी गोळ्यांच्या यंत्रावर काम झालं.

साठवणुकीचा प्रश्न आपल्या भागातल्या माणसाला समजवायला एक चांगलं उदाहरण हाताशी आहे. चिकोडी, अथणी, निपाणीकडे म्हशी-गाई पाळणाऱ्या घरांना द्रवरूप नायट्रोजनचा कॅन माहीत असतो. झाकण उघडलं की पांढरी वाफ, आत उणे 196 अंशांत ठेवलेल्या वीर्यकांड्या. कांडी पाव मिलीची, त्यात साधारण 2 कोटी शुक्रपेशी. 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरली की तयार. जिवंत पेशी गावोगाव पोचवण्याचं तंत्र आपल्याकडे रोज चालतंय. मग लिव्हरच्या पेशींना तेच का नको?

फरक आकाराचा आणि स्वभावाचा आहे. पाव मिलीची बारीक कांडी सगळीकडून एकसारखी गोठते आणि एकसारखी वितळते. 700 कोटी यकृतपेशी मिलीला 1 कोटी या प्रमाणात गोठवल्या तर 700 मिली झाल्या, म्हणजे पिशव्या आल्या. 10 टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फापासून वाचवणारा द्रव) घालून मिनिटाला 1 अंश या वेगाने थंड करतात. वितळवताना पिशवीची कड आधी पाणी होते आणि मध्ये अजून बर्फ असतो. कडेच्या पेशी तेवढा वेळ उबदार डीएमएसओत बसतात, आणि उबेत डीएमएसओ विषारी. म्हणून पिशवी पसरट भरायची, 37 अंशांच्या पाण्यात हळुवार हलवत राहायचं, बर्फाचा शेवटचा लहान तुकडा उरला की बाहेर काढायची, लगेच थंड द्रावणात सावकाश पातळ करायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये 50 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 50 पट) एवढ्याच हलक्या वेगाने 5 मिनिटं फिरवून डीएमएसओ धुवायचं. रक्ताच्या नमुन्यासाठी वापरतो तो वेग लावला तर पेशी तळाशी चेंगरतात. शेवटी ट्रायपॅन ब्लू घालून मोजणी: मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी चकचकीत राहते. आणि निळी न झालेली पेशीसुद्धा चिकटेलच, काम करेलच असं नाही. गोठण्यातून उठलेल्या यकृतपेशींची चिकटण्याची ताकद बरीच घटलेली असते. ट्रायपॅन ब्लूच्या आकड्यावर खूश होऊन कार्ट्रिज भरलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या पेशी गाळणीत सापडल्या, हे प्रयोगशाळांतलं नेहमीचं दुखणं आहे.

न गोठवता कार्ट्रिज जिवंतच पाठवायचं म्हटलं तर निर्जंतुकतेची पूर्ण तपासणी 14 दिवस घेते. पेशी तोवर वाट बघत बसत नाहीत. आणि वाटेत 37 अंश, ऑक्सिजन, पोषणद्रव हे सगळं सांभाळायचं. लावल्यावरही सलग 3-4 दिवस पंप, हीटर, ऑक्सिजन अखंड चालले पाहिजेत. डायलिसिस चालू असताना करंट गेला तर हाताने पंप फिरवून रक्त परत देता येतं, पेशंट सुखरूप. इथे रक्त परत दिलं तरी पेशींच्या फेरीचा पंप थांबलेला असतो. वरच्या हिशेबाप्रमाणे त्यांच्या भोवतीचा ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. म्हणून पेशींच्या फेरीला वेगळी बॅटरी आणि ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलिंडर ही पहिली गरज.

किडनीच्या बाबतीत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. किडनीची चाळण रोज 180 लिटर द्रव गाळते, त्यातलं जवळपास सगळं नलिकेच्या पेशी परत ओढून घेतात. त्याच पेशी ड जीवनसत्त्व कार्यक्षम करतात. घोणस चावल्यावर किडनी बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा याच नलिकापेशी मेलेल्या असतात. मिशिगन विद्यापीठातल्या डेव्हिड ह्यूम्स यांनी नेहमीच्या पोकळ नळ्यांच्या आतल्या भिंतीवर माणसाच्या नलिकापेशींचा सलग थर वाढवला, एका कार्ट्रिजमध्ये 100 कोटींच्या आसपास, आणि ते चालू हिमोफिल्टरच्या, म्हणजे डायलिसिससारख्या रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या, पुढे जोडलं. 2008 मध्ये 58 पेशंटांचे निकाल आले: 28 दिवसांतले मृत्यू यंत्राच्या गटात 33 टक्के, नुसत्या हिमोफिल्टरवर 61 टक्के. या तुलनेत रिकामं कार्ट्रिज लावलेला गट नव्हता. तो पुढच्या टप्प्यात आला, आणि सायट्रेट वापरून चालवलेल्या, एकही नलिकापेशी नसलेल्या कार्ट्रिजमुळेही पेशंट सुधारताना दिसले.

कारण शोधल्यावर कळलं ते असं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर, खवळलेल्या पांढऱ्या पेशी नळ्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागाला, जिथे प्रवाह मंद असतो तिथे, चिकटत होत्या. सायट्रेटमुळे तिथलं आयोनाइज्ड कॅल्शियम लिटरला 0.25 ते 0.4 मिलिमोलपर्यंत उतरलेलं, एरवी ते 1.1 ते 1.3 असतं. त्या कमी कॅल्शियममध्ये पेशी निवळायच्या आणि मग सुटून रक्तात परत जायच्या. म्हणजे इथल्या जिवंत पेशी पेशंटच्या स्वतःच्याच. साठवण नाही, गोठवण नाही, डुक्कर नाही. या तत्त्वावरच्या यंत्राला फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने सवलतीच्या मार्गाने मान्यता दिली: वजन 10 किलो किंवा जास्त असलेली मुलं, सेप्सिसमुळे किडनी निकामी आणि डायलिसिसची गरज, एवढ्यापुरतीच. या मार्गात सुरक्षितता आणि फायद्याची शक्यता दाखवावी लागते, फायदा ठामपणे सिद्ध करावा लागत नाही, हे ध्यानात ठेवून त्या बातम्या वाचाव्यात. तरी आमच्या मते या सगळ्या क्षेत्रात जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचण्याची खरी शक्यता असलेलं यंत्र हेच, कारण त्याला लागतं ते सगळं चांगल्या डायलिसिस युनिटमध्ये आधीच असतं: पंप, सायट्रेट, कॅल्शियम, आणि दर काही तासांनी आयोनाइज्ड कॅल्शियम काढून देणारं ब्लड गॅस तपासणीचं मशीन.

बाकड्यावरच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. आज बेळगावात लिव्हरसाठी पेशींचं यंत्र मिळणार नाही. मिळू शकतो तो प्लाझ्मा एक्स्चेंज. वर सांगितलेल्या सर्किटचा पहिला अर्धा भाग, म्हणजे सेपरेटर, तोच. पेशंटचा प्लाझ्मा टाकून द्यायचा आणि दात्यांचा ताजा गोठवलेला प्लाझ्मा द्यायचा. एका अर्थी दुसऱ्याच्या जिवंत लिव्हरने बनवलेली प्रथिनं पिशवीतून येतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या 182 पेशंटांच्या चाचणीत रोज 8 ते 12 लिटर असं 3 दिवस एक्स्चेंज केल्यावर घरी जाणाऱ्यांचं प्रमाण 47.8 वरून 58.7 टक्क्यांवर गेलं. पण 8 लिटर म्हणजे 200 मिलीच्या 40 पिशव्या, दिवसाला. कुठल्याही जिल्ह्याच्या रक्तपेढीला हे झेपणारं नाही. म्हणून आपल्याकडे कमी मात्रेचं एक्स्चेंज करतात. 60 किलोच्या माणसाचा प्लाझ्मा पावणेतीन लिटरच्या आसपास, तेवढा एकदा बदलायला 14 पिशव्या. एक पिशवी वितळायला 20-30 मिनिटं जातात, त्यामुळे सर्किट जोडायच्या आधी रक्तपेढीला फोन गेला पाहिजे, जोडल्यावर नाही. पिशव्यांतल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं, ओठांभोवती मुंग्या आल्या की ते पेशंट सांगतो, पण बेशुद्ध पेशंट सांगत नाही. म्हणून त्याचं कॅल्शियम तपासत राहावं लागतं.

या भागात अचानक लिव्हर जाण्याच्या कारणांत उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट फार वाईट. चुकून पोटात गेलेली असो की रागाच्या भरात. पहिल्या दिवशी उलट्या, पोटदुखी. मग एक ते तीन दिवस पेशंट बरा दिसतो, चहा पितो, घरी न्या म्हणतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात, आयएनआर चढतो. यावर उतारा म्हणून औषध नाही. तो मधला शांत काळच उपचाराचा काळ असतो, आणि तोच नेमका घरी किंवा काविळीचं झाडपाल्याचं औषध घेण्यात जातो. पेस्ट पोटात गेली असेल तर मात्रा कितीही थोडी वाटो, पेशंट कितीही ठीक वाटो, पाच-सहा दिवस रोज आयएनआर झाला पाहिजे. हे रागाच्या किंवा निराशेच्या भरात झालं असेल तर माणूस बरा झाल्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर बोलायला मदत करा, त्यासाठी पैसे लागत नाहीत.

प्रत्यारोपणाचा विचार करायचा तर नोंदणी आधीच ठरवावी लागते: कर्नाटकात 'जीवसार्थकते' या राज्याच्या अवयवदान संस्थेकडे, पुण्याकडे नेणार असाल तर तिथल्या झेडटीसीसी या प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे. बेंगळुरू इथून 500 किलोमीटर, पुणे साडेतीनशेच्या आसपास. पेशंटची भ्रांती वाढल्यावर इतका प्रवास धोक्याचा होतो. म्हणून खानापूर, हुक्केरी, गोकाकच्या दवाखान्यातून पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीवर एवढं तरी असावं: पेस्ट किंवा औषध पोटात गेल्याची वेळ, पहिल्या उलटीची वेळ, प्रत्येक आयएनआर त्याच्या तारखेसकट, साखर, लघवी किती झाली, आणि प्लाझ्मा किंवा व्हिटॅमिन के दिलं असेल तर कधी, कारण ते दिल्यानंतरचा आयएनआर लिव्हरची खरी अवस्था सांगत नाही. पेस्टची रिकामी ट्यूब पिशवीत बांधून पेशंटसोबत द्या.